‘वक्त’चे अनेकवचन

उर्दू शाळेच्या भिंतीवर जे वेळापत्रक लावलेले असते, त्याला आम्ही ‘निजामुल-औकात’ म्हणतो. निजाम म्हणजे व्यवस्था आणि औकात म्हणजे वेळा. ‘वक्त’ या अरबी शब्दाचे ते अनेकवचन. वर्गात वाहिद-जमा, म्हणजे एकवचन-अनेकवचन शिकवताना हा शब्द आला की मुले खुदकन हसतात. त्यांनी ‘औकात’ हा शब्द ऐकलेला असतो तो गल्लीतल्या भांडणात. मराठीतही तो त्याच अर्थाने रुजला आहे : ऐपत, पात्रता, लायकी. वेळा आणि लायकी यांना एकच शब्द असावा, याचे मला आता नवल वाटत नाही. ज्याच्या वेळा त्याच्या हातात, त्याची औकात. ज्याच्या वेळेवर कोणीही यावे आणि हात मारून जावे, त्याची औकात हळूहळू त्याच्या स्वतःच्याच नजरेत कमी होत जाते. कामाचा ताण म्हणतात तो पुष्कळदा असाच सुरू होतो.

शाळेइतकी घड्याळाला बांधलेली जागा दुसरी क्वचितच असेल. परिपाठ, हजेरी, तासिका, मधली सुट्टी, सगळे घंटेवर चालते. मुलाला पाणी प्यायचे असले तरी त्याने घंटेची वाट पाहावी, असे आपण सांगतो. आणि अशा घंटेवर चालणाऱ्या इमारतीत कुठल्याही शिक्षकाला विचारा, ‘‘कसे काय चालले आहे?’’ उत्तर ठरलेले : ‘‘वेळच मिळत नाही हो.’’ मुलांच्या वेळेला घंटा आहे. शिक्षकाच्या वेळेला नाही, असाच याचा अर्थ.

कायद्याने मात्र ती घंटा दिलेली आहे. २००९ चा शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही मोजले आहेत. ही शेवटची गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? तयारी हे काम आहे. ती रात्री भांडी आवरल्यावर, पेंगत्या डोळ्यांनी करायची पदरची सेवा नव्हे, असे कायदाच म्हणतो.

प्रत्यक्षात काय होते ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस प्लसची माहिती, सरलची माहिती, अपार आयडी, वजन-उंची, शिष्यवृत्ती, आधारची दुरुस्ती, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘उद्या सकाळी ११ पर्यंत, अत्यंत तातडीचे’. उर्दू माध्यमात याला आणखी एक पदर आहे. परिपत्रक येते मराठीत, फॉर्म असतो इंग्रजीत, आणि पालकांना समजावून सांगायचे असते उर्दूत. एकाच कामासाठी आम्ही तीन भाषांतून फिरून येतो आणि मुदत मात्र सर्वांना सारखीच असते.

वेळेच्या व्यवस्थापनावर पुस्तके पुष्कळ आहेत. तातडीचे आणि महत्त्वाचे असे चार चौकोन पाडून कामे वाटायची रीत १९८९ साली स्टीफन कव्ही यांच्या पुस्तकाने घरोघर नेली. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलो यांनी टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे एकच काम करायची पद्धत काढली. या रीती वाईट नाहीत. पण ज्याला आपल्या दाराला कडी लावता येते त्याच्यासाठी त्या आहेत. वर्गाला कडी लावून २५ मिनिटे बसता येत नाही. पाचव्या मिनिटाला कोणाचे तरी नाक फुटलेले असते. म्हणून मी आपल्याच अंगणात काय आहे ते पाहायचे ठरवले.

आधी हिशेब मांडला. वाणी उधारीची वही ठेवतो तशी एक कोरी वही घेतली आणि दोन आठवडे लिहीत गेले : किती वेळ, कशाला, कोणासाठी. शिकवण्याचा वेळ आणि कागदपत्रांचा वेळ मला ठाऊक होता. पण वहीत एक तिसराच रकाना तयार झाला, शोधाशोधीचा. तीच माहिती पुन्हा नव्याने शोधायची. आमच्याकडे हा रकाना फुगतो तो नावांमुळे. जनरल रजिस्टरला ‘शेख’, आधारवर वेगळेच स्पेलिंग, आईच्या तोंडी ‘शैख’. एकच पैगंबरांचे नाव कुठे मोहम्मद, कुठे मुहम्मद, कुठे महंमद आणि कुठे नुसते ‘मो.’ संगणकाला यातले काहीच पटत नाही. तो लाल अक्षरांत नकार देतो, आणि शिक्षक पुन्हा रजिस्टर, पुन्हा पालक, पुन्हा सायबर कॅफे अशी फेरी मारतो.

यावर उपाय साधा निघाला. जूनमध्ये शाळा सुरू होताच दोन दुपारी बसून वर्गाचा एक मोठा तक्ता करायचा. रजिस्टरमधले नाव, आधारवरचे नाव, उर्दू नाव, जन्मतारीख, खाते, वजन, उंची, जे जे वर्षभर मागितले जाते ते सगळे एका जागी. ज्यांच्या नावात फरक आहे त्यांच्या पालकांना जूनमध्येच बोलवायचे, मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे. दोन दुपारींची ही मेहनत वर्षभर पुरते. तो तक्ता मात्र कुलपात ठेवावा लागतो. ती मुलांची अमानत आहे.

दुसरी गोष्ट वह्यांची. वर्गात ५२ मुले. एका वहीला ३ मिनिटे धरली तरी १५६ मिनिटे होतात, म्हणजे अडीच तासांहून जास्त. रिकामी तासिका ४० मिनिटांची. मग ५२ वह्यांचा ढीग टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसण्यात काय हशील? तो ढीगच मनावर बसतो. वर्गात चार रांगा आहेत. रोज एका रांगेच्या १३ वह्या घेतल्या तर ३९ मिनिटांत होतात आणि चार दिवसांत वर्ग पुरा होतो. काम तेवढेच राहिले, पण ढीग गेला. मुलांनाही ठाऊक झाले की आज आपली रांग. ‘‘आपा, आज हमारी लाइन है ना?’’ असे विचारत ती वह्या स्वतःच आणून ठेवतात.

हे झाले हिशेबाचे. पण ताण हिशेबाने निम्माच उतरतो. उरलेला निम्मा वेगळ्या ठिकाणी असतो, आणि तो मला दिसला तो असरच्या नमाजात.

आमची शाळा कोकणातली. इथले स्थानिक मुसलमान शाफई. खानदेश-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेले आम्ही बहुतेक हनफी. शाफईंच्या मते वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, तिच्या उंचीएवढी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफींमध्ये सर्वमान्य आहे ते मत सांगते की ती दुप्पट व्हावी लागते. त्यामुळे एकाच स्टाफरूममध्ये दोन असर होतात. साडेतीन ते सव्वाचारच्या दरम्यान, ऋतूप्रमाणे, शाफई सहकारी छोट्या सुट्टीत नमाज पढून घेतात. तेव्हा आम्ही व्हरांड्यात मुलांवर लक्ष ठेवतो. आमची वेळ शाळा सुटण्याच्या सुमारास होते. तेव्हा बसच्या रांगा ते सांभाळतात. यात कधी वाद झाला नाही. उलट आमच्या शाळेतली कामाची सर्वांत चोख वाटणी हीच.

या व्हरांड्यातून मी पाहत आले आहे. अजान होते आणि आमच्या एक ज्येष्ठ आपा वही तपासता तपासता उठतात. वही अर्धवट तपासलेली, तिच्यात लाल पेन तसेच. वुजू करून येतात, नमाज पढतात, परत येऊन बसतात. वही तिथेच, पेन तिथेच. काम पळून गेलेले नसते. नमाज कधी म्हणत नाही की आधी काम पुरे कर, मग ये. ती अपुऱ्या कामातूनच माणसाला उठवते. दिवसातून पाच वेळा. आणि आपण मात्र आयुष्यभर म्हणत राहतो, ‘‘एवढे संपले की उठते.’’ शाळेचे काम संपत नसते. घरचेही नाही. ते संपण्याची वाट पाहणाऱ्याला विश्रांती नाहीच. अपुरे काम ठेवून शांतपणे उठता येणे, ही खरी विद्या आहे, आणि ती आपल्या घरात चौदाशे वर्षे पडून आहे.

‘अस्र’ या शब्दालाही दोन अर्थ आहेत : कलत्या दुपारची वेळ आणि काळ. कुरआनातली अस्र ही सूरा अवघ्या तीन आयतींची, आणि तिची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. सूरा जुमुआमध्ये जुम्म्याची हाक ऐकताच व्यवहार सोडून येण्याचा आदेश आहे. आणि लगेच पुढे, नमाज झाली की पांगा आणि अल्लाहची कृपा, म्हणजे आपली रोजी शोधा, असेही आहे. थांबण्याचा हुकूम आणि परत कामाला लागण्याची मोकळीक, दोन्ही शेजारी शेजारी. आपण वाजांमध्ये पहिला भाग पुष्कळ ऐकतो. दुसऱ्या भागात केवढा व्यवहार आहे!

अपुरे काम मनाला का टोचते, याचा अभ्यासही झालेला आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामे माणसांच्या जास्त लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवले की अपुऱ्या कामाचे विचार थांबवायला ते काम पूर्ण करावेच लागते असे नाही; ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला तरी मन त्याला सोडते. म्हणजे आपांचे लाल पेन वहीत असते, तेच याचे गमक. परत कुठून सुरू करायचे ते ठरलेले आहे, म्हणून नमाजात वही आठवत नाही.

मी हे शाळा सुटतानाही करते. शेवटच्या घंटेआधी पाच मिनिटे एका चिठ्ठीवर लिहिते : उद्या तिसरी रांग; अमक्या मुलीच्या आईला फोन, मधल्या सुट्टीत; पोषण आहाराची बेरीज, पहिल्या रिकाम्या तासिकेला. नुसते ‘बेरीज’ असे नाही, केव्हा तेही. चिठ्ठी टेबलाच्या खणात राहते. घरी येते ती मी एकटी.

पण रात्रीच्या साडेनऊच्या निरोपाचे काय? तिथे एकट्या माणसाची चिठ्ठी पुरत नाही. इथे मला इतिहासातला एक शब्द उपयोगी पडला : मुवक्कित. मध्ययुगात कैरो-दमास्कसच्या मोठ्या मशिदींत नमाजच्या वेळा काढण्यासाठी असा एक अधिकारी नेमलेला असे. चौदाव्या शतकातले मोठे खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर हे दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित होते. साऱ्या शहराने दिवसभर सावली मोजत बसायचे नाही. एकाने मोजायची आणि बाकीच्यांनी निर्धास्त आपले काम करायचे, अशी ती व्यवस्था.

आम्ही स्टाफरूममध्ये तेच केले. आठवड्याला एक मुवक्कित. गटावरचे निरोप त्याने पाहायचे, सकाळी फळ्यावर लिहायचे : काय मागितले, कोणाकडून, कधीपर्यंत. रात्री आठनंतर बाकीच्यांनी गट उघडायचा नाही. खरोखर आणीबाणी असेल, पावसाची सुट्टी वगैरे, तर मुवक्कित फोन करतो. सदर मुदर्रिस साहेब सुरुवातीला साशंक होते. ‘‘वरून विचारणा झाली तर?’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जाब त्यांनाच द्यावा लागतो. आम्ही म्हटले, एक महिना पाहू या. त्या महिन्यात एकही माहिती चुकली नाही. उलट सहा जणांनी सहा वेगवेगळ्या आकड्यांनी पाठवण्याऐवजी एकच बरोबर आकडा जाऊ लागला. आता तेच फळ्यासमोर उभे राहून विचारतात, ‘‘इस हफ्ते मुवक्कित कौन है?’’

रमजानचे नियोजनही असेच जूनमध्ये करायचे असते. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. आपल्याकडे पहिला रोजा २०२४ मध्ये १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. म्हणजे तो परीक्षेच्या दिवसांत शिरला आहे. तो अचानक येत नाही. त्याची तारीख एका दिवसाच्या फरकाने आधीच कळते. मग अवघड पाठ त्याआधी, उजळणी त्या महिन्यात, आणि त्या महिन्यातही गणित-विज्ञान पहिल्या तासिकांना. रोजा धरलेल्या मुलापुढे शेवटच्या तासाला अपूर्णांक मांडण्यात ना त्याचे भले, ना अपूर्णांकांचे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वेळेचे व्यवस्थापन शिका म्हणणारे लोक सारा भार कर्मचाऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतात. जणू ताण आला तो याच्या गबाळेपणामुळे. एका शिक्षकाने दोन वर्ग सांभाळायचे आणि वर वही-चिठ्ठी करून आनंदी राहायचे, हा न्याय नव्हे. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याचे कलम २७ म्हणते की दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. निवडणुकीच्या आणि मतदारयाद्यांच्या कामालाही शिक्षकांना सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी लावावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. हे पाठ असलेले बरे. भांडण्यासाठी नव्हे, नम्रपणे विचारण्यासाठी. ‘‘साहेब, आज ही तीन कामे आहेत आणि दोन तासिका आहेत. यातले कोणते उद्यावर टाकू?’’ हा प्रश्न नकार नाही. पण त्यामुळे वेळेचा निर्णय जिथे व्हायला हवा तिथे होतो.

घरचे निजामुल-औकातही तपासावे लागते. रमजानात सेहरीला बाई सर्वांच्या आधी उठते आणि इफ्तारीची भांडी सर्वांच्या शेवटी आवरते. मधल्या वेळात तीही शाळेत उभी असते, तीही रोज्यात असते. पुरुषाची फुरसत पुष्कळ घरांत बाईच्या वेळेतून कापून घेतलेली असते. आमच्या घरी याविषयी बसून बोलणे झाले. सेहरीची रात्रीची तयारी आता यांच्याकडे आहे, आणि सासूबाईंनीच सांगितले, ‘‘उसकू भी तो सबेरे शाला में जाना है.’’ प्रत्येक घरात हे इतके सरळ होणार नाही, हे मी जाणते. पण बोलल्याशिवाय तर कुठेच होणार नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. आजार म्हणून नव्हे. तिच्या तीन खुणा सांगितल्या : थकवा, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यातली दुसरी खूण शिक्षकाच्या बाबतीत फार महाग पडते. आमच्या एका सहकारी बाईंना अडतिसाव्या वर्षी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मला म्हणाल्या, ‘‘गोळीचे काही नाही हो. पण मला मुलांचा आवाज सहन होईनासा झालाय. याच आवाजासाठी मी या पेशात आले होते.’’ त्या बोलण्यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षकाचा ताण शिक्षकापाशी थांबत नाही. तो वर्गात उतरतो, आणि तिथे तो सर्वांत आधी गप्प बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतो.

रांगा, तक्ता, चिठ्ठी आणि मुवक्कित यांतून माझ्या हाती रोजची साधारण वीस मिनिटे आली. ती मी आणखी एका कागदाला दिली नाहीत. मधल्या सुट्टीनंतर सहावीच्या आठ-दहा मुलांना घेऊन मराठी वाचायला बसते. घरी उर्दू किंवा कोकणी बोलणारी ही मुले. उजवीकडून डावीकडे सरावलेले डोळे डावीकडून उजवीकडे नेताना जोडाक्षराला अडखळतात. उद्या याच भाषेत त्यांना अर्ज करायचा आहे, भांडायचे आहे, नोकरी मागायची आहे. एक मुलगी जानेवारीपर्यंत ओळीखाली बोट धरून वाचत असे. परवा तिने बसवरची पाटी येता येता वाचली आणि वर्गात येऊन सांगितले, ‘‘आपा, मी पूर्ण वाचली. बस थांबली नव्हती तरी.’’

ही वीस मिनिटे कुठल्याही फॉर्मात भरायची नाहीत. पण कोणी मला माझी औकात विचारलीच, तर मी तेवढीच सांगेन.